उमेदवार नावाची नोकरी

नोकरीच्या जाहिरातीत दोन शब्द हमखास सापडतात. एक ‘उमेदवार’ आणि दुसरा ‘अनुभव’. उमेदवाराला इतक्या वर्षांचा अनुभव असावा, असं वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यातली गंमत लक्षात येत नाही. एके काळी उमेदवार म्हणजेच अनुभव मिळवणारा माणूस होता. ज्याच्याकडे अनुभव नाही, पण मिळेल अशी आशा धरून जो कचेरीत दररोज येऊन बसतो, कागद नकलतो, बस्ते बांधतो, साहेबाचा हुक्का भरला का तेही बघतो आणि महिना संपला की रिकाम्या हातानं घरी जातो, तो उमेदवार. फारसीतली उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार मराठीत आजही शाबूत आहे. ‘मी तिथे दोन वर्षं उमेदवारी केली’ असं म्हणणारा माणूस अर्ज केला असं सांगत नसतो, फुकट राबलो असं सांगत असतो. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनाही हा प्राणी इतका ओळखीचा होता की १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे.

मी परभणीचा. गेल्या काही वर्षांत इथल्या तरुणांशी नोकरीविषयी बोलताना एक तक्रार सतत कानावर येते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ‘आधी कोंबडी की आधी अंडं’ म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो. पण या जिल्ह्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असं दिसतं की हे कोडं नैसर्गिक नाही. ते कोणीतरी घातलेलं असतं, आणि प्रत्येक पिढीनं ते वेगळ्या किल्लीनं उघडायचा प्रयत्न केलेला आहे. त्या किल्ल्यांचा हा हिशेब.

अनुभवी माणसं बाहेरून येतात

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होती. त्या मुलखाच्या कारभाराला आधुनिक वळण लावलं ते पहिल्या सालारजंगनं. तो १८५३ साली दिवाण झाला आणि १८८३ साली मरेपर्यंत त्या पदावर राहिला. जमाबंदी, जिल्हे, न्यायालयं, खाती यांची नवी घडी बसवायची तर ते काम जाणणारी माणसं हवीत. ती हैदराबादेत नव्हती, म्हणजे निदान सालारजंगला तसं वाटत होतं. त्यानं ती उत्तर हिंदुस्थानातून आणली. मोहसिन-उल-मुल्क, चिराग अली, सय्यद हुसेन बिलग्रामी ही त्यांतली ठळक नावं. ही मंडळी हुशार होती, त्यांनी कामंही केली. पण त्यांच्या नेमणुकीमागचं कारण एका शब्दात सांगायचं तर ‘अनुभव’. इंग्रजी अमलातल्या मुलखात त्यांनी काम पाहिलेलं होतं किंवा केलेलं होतं.

त्यामागोमाग कचेरीची भाषाही बदलली. १८८० च्या दशकात फारसी गेली आणि उर्दू आली. उत्तरेकडच्या माणसाला ती घरची. इथल्या माणसाला ती शिकावी लागणार. परभणी, पाथरी, जिंतूर, हिंगोली इथल्या मराठी घरांतल्या मुलाच्या दृष्टीनं नोकरीच्या दारात आता दोन उंबरे झाले. एक भाषेचा आणि एक अनुभवाचा.

याची प्रतिक्रिया उमटायला वेळ लागला नाही. मुलकी आणि गैरमुलकी हा हैदराबादच्या राजकारणातला सर्वांत चिवट वाद इथून सुरू झाला. गंमत अशी की पलीकडे मुंबई इलाख्यात ‘मुलकी’ म्हणजे महसुली किंवा दिवाणी. तिथे सातवीच्या परीक्षेला मुलकी परीक्षा म्हणत, कारण ती पास झालं की मुलकी खात्यात चिकटता येई. गोदावरीच्या या खोऱ्यात मात्र मुलकी म्हणजे मुलखातला, इथला. एकाच शब्दाचा तिकडे अर्थ पात्रता आणि इकडे रहिवास. दोन्हीकडे त्याचा उपयोग एकच होता, तो म्हणजे नोकरी.

१९१९ साली निजामाच्या फर्मानानं हा प्रश्न नियमात बांधला गेला. हैदराबाद सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्समध्ये मुलकीची व्याख्या आली. जन्मानं राज्याचा प्रजाजन असलेला मुलकी. मुलखात पंधरा वर्षं कायम राहिलेला आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडल्याचं मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञेवर सांगणारा तोही मुलकी. मुलकी पुरुषाची बायको मुलकी. या नियमांकडे आपण बहुतेक वेळा भूमिपुत्रांच्या राजकारणाचा आरंभ म्हणून पाहतो. मला त्यात दुसरं काही दिसतं. अनुभवाच्या अटीला दिलेलं ते उत्तर होतं. तुम्ही म्हणता आमच्याकडे कामाचा अनुभव नाही. बरं, आमच्याकडे इथे राहण्याचा अनुभव आहे, तो मोजा. पंधरा वर्षं.

त्याच सुमारास, १९१८ साली, उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. सर्व विषय उर्दूतून शिकवणारं ते विद्यापीठ स्थानिक पदवीधर तयार करणार होतं. मराठी, तेलुगू, कन्नड घरांतल्या मुलांना मात्र तेही परभाषेतलंच शिक्षण. तरीही एक दार उघडलं हे खरं. ज्यांना ते पेलवलं ते हैदराबादला गेले. ज्यांना नाही ते जिल्ह्याच्या कचेरीच्या ओसरीवर बसले.

परभणीच्या कचेरीतला एक कारकून

या काळातल्या नोकरदाराचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा तर परभणीकराला फार लांब जावं लागत नाही. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म १९१३ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोना इथे झाला. हैदराबादेत १९३२ साली ते मॅट्रिक झाले. घरच्या परिस्थितीमुळे पुढचं शिक्षण थांबलं आणि निजामाच्या बांधकाम खात्यात ते नोकरीला लागले. उरलेलं आयुष्य परभणीत कारकुनी करत गेलं. ७ सप्टेंबर १९५३ रोजी वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते वारले.

त्या वीसेक वर्षांत त्यांनी ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह, कथा आणि ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘आडगावचे चौधरी’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. आम्ही त्यांना लेखक म्हणून मान देतो आणि देताना ‘पोटासाठी त्यांना कारकुनी करावी लागली’ असं हळहळून म्हणतो. मला वाटतं या वाक्यात त्या काळाचं अर्धंच सत्य आहे. १९३२ हे जागतिक मंदीचं साल. शेतमालाचे भाव कोसळलेले. मॅट्रिक झालेल्या मराठी मुलाला सरकारी खात्यात टेबल मिळणं ही तेव्हा पोटाची सोय होतीच, शिवाय घराण्याची पत होती. अशा टेबलासाठी किती जण ओसरीवर ताटकळत असतील याची कल्पना करता येते. मराठीत लिहिणाऱ्या या माणसाचा दिवसभराचा कचेरीचा कागद उर्दूत होता, हेही विसरता येत नाही. दिवसाची भाषा एक आणि रात्रीची दुसरी, अशी ती नोकरी.

ओसरीवर ताटकळणाऱ्यांचं काय व्हायचं? वयस्क माणसांकडून मी जे ऐकलं त्यात एक क्रम दिसतो. आधी ओळखीनं आत शिरकाव. मग नकलनवीसाच्या हाताखाली नकला करणं. मग कोणी रजेवर गेला की त्याच्या जागी बदली. मग अशा बदल्यांची बेरीज. आणि शेवटी जागा रिकामी झाली की साहेबाच्या तोंडून ‘हा मुलगा कामाचा आहे’ एवढं निघणं. या सगळ्या प्रवासात दोन शब्द सोबतीला असत, वशिला आणि शिफारस. दोन्ही शब्द उमेदवारासारखेच अरबी-फारसी वाटेनं मराठीत आले आणि कायमचे राहिले. वसीला म्हणजे मुळात साधन. साध्या माणसाचं साधन त्याचं कौशल्य असतं असं आपण शाळेत शिकवतो. भाषेनं मात्र ‘साधन’ हा अर्थ ओळखीला दिला.

उमेदवारीची सगळ्यात मोठी अट कुठेच लिहिलेली नसायची. ती अशी की तुम्हाला दोन-तीन वर्षं कोणीतरी जेवू घातलं पाहिजे. ज्याच्या घरी कुळकर्ण, पाटीलकी किंवा थोडी बागायत आहे तो बिनपगारी बसू शकतो. ज्याच्या आईला रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागतं त्याला अनुभव परवडत नाही. अनुभव हा गुण म्हणून मोजला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा घरच्या कणगीतल्या ज्वारीचा पुरावा असतो.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामी राजवट संपली. लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल जयंतनाथ चौधुरी आले आणि मुलकी कारभार मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी द. श. बखले यांच्याकडे आला. राज्य नव्यानं चालवायचं तर अनुभवी माणसं हवीत, हे वाक्य पुन्हा ऐकू आलं. मद्रास, मुंबई, मध्य प्रांत इथून अधिकारी आणि कर्मचारी आले. पुष्कळ मुस्लिम नोकरदारांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांच्या राहिल्या त्यांच्या हातातलं भांडवल एका रात्रीत हलकं झालं, कारण ते भांडवल म्हणजे उर्दू. वीस वर्षं सफाईदार उर्दू मिसल लिहिणाऱ्या माणसाचा अनुभव आता कोणत्या रकान्यात टाकायचा? ज्या भाषेनं कालपर्यंत मराठी मुलाला बाहेर ठेवलं तीच भाषा येते म्हणून आज दुसरा माणूस मागे पडला. अनुभव ही वस्तू टिकाऊ आहे असं जाहिराती मानतात. परभणीनं तिची किंमत उतरलेली डोळ्यांनी पाहिलेली आहे.

गैरमुलकींच्या या दुसऱ्या लाटेविरुद्ध १९५२ साली असंतोष उफाळला. वरंगळकडे शिक्षकांच्या नेमणुकांवरून सुरू झालेलं विद्यार्थ्यांचं आंदोलन सप्टेंबरात हैदराबाद शहरात पोचलं, गोळीबार झाला, माणसं मेली. खोटी मुलकी प्रमाणपत्रं विकत मिळतात हा त्या आंदोलनातला मोठा आरोप होता. अट आली की तिची सनद येते, आणि सनद आली की तिचा बाजार भरतो. आजच्या बनावट अनुभव प्रमाणपत्रांची वंशावळ शोधायची तर ती इथवर नेता येईल.

मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. भाषेचा प्रश्न सुटला, कचेरी मराठी झाली. पण आता स्पर्धा पुण्या-मुंबईच्या माणसाशी होती. त्याच्याकडे तीन पिढ्यांचा इंग्रजी अमलातल्या कारभाराचा अनुभव होता. त्यातच संसदेनं १९५७ साली सार्वजनिक नोकऱ्यांतल्या रहिवासाच्या अटींविषयी कायदा केला. त्यानं राज्या-राज्यांतल्या अशा अटी रद्द केल्या आणि तेलंगणासारख्या मोजक्या प्रदेशांना तेवढी तात्पुरती सवलत ठेवली. तेलंगणाला ती मिळाली, मराठवाड्याला नाही. पंधरा वर्षांच्या रहिवासाची किल्ली परभणीच्या हातून अशी गेली.

तिच्या बदल्यात दोन आश्वासनं होती. १९५३ च्या नागपूर करारात नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं कलम होतं. आणि राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात मराठवाड्यासाठी तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि राज्याच्या सेवांत पुरेशी संधी यांचा उल्लेख आहे. वैधानिक विकास मंडळं मात्र १९९४ साली अस्तित्वात आली आणि २०२० साली त्यांची मुदत संपली. मधल्या काळात, १९७४ साली, मराठवाडा विकास आंदोलन झालं. त्यातल्या मागण्यांत स्थानिकांना नोकऱ्या ही मागणी अग्रभागी होती. तेव्हा परभणी जिल्ह्यातच असलेल्या वसमतला गोळीबार झाला. सिंचन, रेल्वे रुंदीकरण या मागण्या आपल्याला आठवतात; पण रस्त्यावर उतरलेले विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्याला सर्वांत जवळची वाटणारी मागणी नोकरीची असते.

संस्थाच नवशिकी असेल तर

या सगळ्यात कोंडी फुटलीच नाही असं नाही. ती कुठे फुटली हे पाहणं उपयोगाचं आहे.

नरहर कुरुंदकरांचा जन्म १९३२ साली कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, १९९९ पासून ते हिंगोलीत गेलं. कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले होते. आजच्या कुठल्याही ऑनलाइन अर्जानं त्यांना पहिल्याच पानावर बाहेर काढलं असतं. १९५५ साली नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेनं त्यांना शिक्षक म्हणून घेतलं. पदव्या त्यांनी शिकवता शिकवता मिळवल्या. १९६३ साली ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे तिथेच प्राचार्य. अपवादात्मक बुद्धीच्या माणसाची गोष्ट म्हणून ती सांगता येते. पण त्या शाळेची आणि कॉलेजची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेल्या माणसांनी स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं १९५० साली पीपल्स कॉलेज काढलं. मराठवाडाभर त्या काळात शाळा निघत होत्या, १९५८ साली विद्यापीठ निघालं. परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १९७२ साली कृषी विद्यापीठ आलं. या संस्था स्वतःच नवशिक्या होत्या. ज्या संस्थेला स्वतःला अनुभव नाही तिला तो इतरांकडे मागण्याचा तोरा परवडत नाही. मराठवाड्यातल्या पहिल्या पिढीच्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, कृषी सहायकांना जे दार उघडं सापडलं ते या कारणानं.

याचा व्यत्यासही खरा आहे. संस्था जुन्या झाल्या, जागा भरल्या, की ‘अनुभव’ हा शब्द जाहिरातीत शिरतो. कामाचं स्वरूप बदलल्यामुळे तो येतो असं नाही. अर्ज जास्त आणि जागा कमी झाल्या की चाळणी लागते, आणि अनुभव ही सर्वांत स्वस्त चाळणी आहे. लावणाऱ्याला तिचा एक पैसाही खर्च येत नाही.

रांगेत उभं राहण्याचा अनुभव

इथे सरकारी सेवायोजन कार्यालयाची गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या आधीच्या पिढीचं तारुण्य तिथे गेलं. ही कार्यालयं १९४५ साली दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघाली. त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे परभणी मुंबई राज्यात आली त्याच दिवशी. आणि रिक्त जागा या कार्यालयाला कळवणं मालकांना सक्तीचं करणारा १९५९ चा कायदा अमलात आला १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच दिवशी. हा निव्वळ योगायोग. पण एका पिढीनं नवं राज्य आणि नोकरीचं कार्ड या दोन गोष्टी एकत्रच मिळाल्या असं समजावं, यात नवल नाही.

कायदा मात्र नीट वाचायला हवा. जागा कळवणं सक्तीचं होतं; तिथून आलेल्या माणसाला घेणं सक्तीचं नव्हतं. खासगी मालकांपैकी पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्यांनाच तो लागू होता. खासगी शेतीतलं काम, घरकाम, तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम त्यातून वगळलेलं. ज्या जिल्ह्यात शेती, सरकी काढणाऱ्या जिनिंगचा हंगाम, अडत आणि किराणा दुकानं हेच रोजगार, तिथे या कायद्यानं पकडायचं ते काय? उरले फक्त सरकार आणि पूर्णा जंक्शनवरची रेल्वे.

तरीही या कार्यालयात एक विलक्षण न्याय होता. तिथे नाव नोंदवल्याची तारीख हीच ज्येष्ठता. कॉल यायचा तो नोंदणीच्या क्रमानं. म्हणजे कामाचा अनुभव नसलेल्या माणसाच्या प्रतीक्षेलाच तिथे अनुभव मानलं जाई. मॅट्रिकचा निकाल लागला की मार्कमेमो घेऊन लोक आधी तिथे धावत ते यासाठी. तीन वर्षांनी नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली, म्हणून कार्ड कुळाच्या सातबाऱ्यासारखं जपलं जाई. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फक्त सेवायोजन कार्यालयानं पाठवलेल्या नावांतून निवड करू नये, वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी. समान संधीच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. पण त्यानंतर रांगेतली पंधरा वर्षं कुठे गेली, ते कोणी विचारलं नाही.

एक काम मात्र असं होतं जिथे अनुभव कोणी विचारला नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, आणि पुढे कायदा होऊन तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला. मागेल त्याला काम. टिकाव आणि घमेलं यांना बायोडाटा लागत नाही. खडी फोडणाऱ्यांत मॅट्रिक झालेलेही होते, हे त्या दुष्काळातून गेलेल्या कुठल्याही गावात आजही ऐकायला मिळतं.

उमेदवारी सरकारी होते

माझा मुद्दा असा की जुनी बिनपगारी उमेदवारी मेली नाही. तिला सरकारी नावं मिळाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं तर शब्दही तोच ठेवला. आयटीआय झालेल्या मुलाला कारखान्यात वर्षभर विद्यावेतनावर शिकता येईल, पण नंतर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, असं त्या कायद्यात स्पष्ट होतं. १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहनाच्या शिकाऊ उमेदवारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं थोडा दिलासा दिला. बाकी गोष्टी समान असतील तर थेट आलेल्यापेक्षा तिथेच शिकलेल्याला प्राधान्य द्यावं, आणि आधी शिकलेल्याला नंतरच्यापेक्षा वरचा मानावं. अनुभवाला प्रथमच काहीएक कायदेशीर वजन आलं.

महाराष्ट्रात याहून बोलका दाखला आहे तो पदवीधर अंशकालीन कर्मचाऱ्यांचा. सुशिक्षित बेरोजगारांना तुटपुंज्या मानधनावर सरकारी कचेऱ्यांत काम दिलं गेलं. त्यांची उमेदवारीची तीन वर्षं भरली आणि सरकारनं हात झटकले. मग या माणसांनी संघटना बांधल्या, निवेदनं दिली, उपोषणं केली. अखेर तीन वर्षांच्या कामाच्या दाखल्यावर त्यांना सरळसेवा भरतीत दहा टक्के समांतर आरक्षण आणि वयाची मोठी सवलत मिळाली. आजही जाहिरातींच्या तक्त्यात खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांच्या शेजारी ‘अंशकालीन’ असा रकाना दिसतो. नव्या मुलांना त्याचा अर्थ माहीत नसतो. तो रकाना म्हणजे एका पिढीनं आपल्या फुकट गेलेल्या वर्षांना मिळवून दिलेली किंमत आहे.

शिक्षणक्षेत्रात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण वेळ शिकवायचं, पण पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झालं ते २०२३ मध्ये. त्याच २००० च्या आसपास ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचं धोरण आलं. यापैकी ‘कायम’ हा शब्द २००९ साली काढला गेला आणि २०१६ मध्ये वीस टक्के अनुदान सुरू झालं. या तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत माणसं आहेत. अनुदान येईल, मग मान्यता येईल, मग आजवरची सेवा धरली जाईल, या आशेवर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं बिनपगारी शिकवणारी. सकाळी शाळा, दुपारनंतर शेत किंवा मेडिकलवर काउंटर, उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतीत वाढपी. आशेवर असलेला तो उमेदवार, ही व्याख्या यांच्याइतकी निजामाच्या कचेरीतल्या ओसरीलाही लागू पडली नसेल.

मीही तासिका तत्त्वावर काही वर्षं शिकवलं आहे. कॉलेजचं नाव सांगण्यात हशील नाही, कारण व्यवस्था सगळीकडे तीच. घड्याळी तास मोजून मानधन, तेही सत्र संपल्यावर कधीतरी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घड्याळही बंद. स्टाफरूममध्ये आम्ही चौघे-पाच जण एका बाकड्यावर बसायचो आणि कायम असलेल्यांच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी त्यांवर बसायचो नाही. तसा नियम कोणी केलेला नव्हता. मुलाखतीला गेलो की पहिला प्रश्न, अनुभव किती? वर्षं सांगितली की दुसरा प्रश्न, ‘मान्यता आहे का त्याला?’ शिकवलं हे खरं, मुलं पास झाली हे खरं. पण विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र नसेल तर तो अनुभव झालाच नाही. त्या दिवसांत मला मुलकी प्रमाणपत्राचा अर्थ पुस्तकाबाहेर समजला. अनुभव आपण घेतो. तो आहे की नाही हे दुसरा ठरवतो.

किल्ल्यांचा जुडगा

आता हिशेब जुळवता येतो. परभणीच्या माणसानं अनुभवाची अट ओलांडायला चार किल्ल्या वापरल्या. पहिली, फुकट राबून अनुभव विकत घेणं. ती ज्याच्या घरी धान्य होतं त्यालाच लागली. दुसरी, दाखला, मुलकी, प्रकल्पग्रस्त, अंशकालीन. ती मिळवायला राज्यकर्त्यांना तुमची दखल घ्यावी लागते, आणि ती काढूनही घेता येते. तिसरी, नव्या संस्था. ती सर्वांत सढळ होती आणि सर्वांत थोडा काळ टिकली. चौथी, एकजूट, १९५२, १९७४ आणि नंतरच्या लहान-मोठ्या उपोषणांतली. दुसरी किल्ली जेव्हा जेव्हा मिळाली तेव्हा ती चौथीनंच घडवलेली होती.

पाचवी एक वाट आहे, जिला किल्ली म्हणवत नाही. जिल्हा सोडणं. देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून जालना, छत्रपती संभाजीनगर, पुढे वाळूज, चाकण, भोसरी. तिथे कंत्राटदाराकडे अनुभव नसला तरी चालतो. अकरा महिने भरले की ब्रेक मिळतो आणि पुन्हा पहिल्यापासून फ्रेशर. दहा वर्षं काम करून शून्य अनुभवाचा माणूस तयार करण्याची ही कला निजामाच्या काळात अवगत नव्हती.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा, मुदत सहा महिने. पुढे ती अकरा महिन्यांवर नेली गेली. परभणीतल्या ग्रामपंचायतींत, शाळांत, तहसिलींत ही मुलं बसली. त्यांना पैसे मिळाले, म्हणजे जुन्या उमेदवारापेक्षा त्यांची स्थिती चांगली. आईला खुरपायला जावं लागणाऱ्या घरातला मुलगाही या वेळी ओसरीवर बसू शकला, हे मी मोठंच मानतो. मुदत संपली तेव्हा त्यांनी राज्यभर कायम करण्याची मागणी केली, मोर्चे काढले. प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, असं त्यांना सांगितलं गेलं. योजनेच्या कागदावर ते बरोबर आहे. पण ज्यांनी रोज कचेरीत जाऊन काम केलं त्यांना ते पटत नाही. अंशकालीनांनाही ते पटलं नव्हतं, आणि न पटल्यामुळेच जाहिरातीत एक नवा रकाना आला.

परवा एका मुलीनं मला तिचा अर्ज तपासायला दिला. गावच्या शाळेत तिनं अकरा महिने प्रशिक्षण घेतलं होतं. हजेरी ठेवली, पोषण आहाराच्या नोंदी केल्या, पोर्टलवर माहिती भरली, दोन शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले तेव्हा तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळले. अर्जात ‘अनुभव’ या रकान्यापुढे तिनं ‘निरंक’ लिहिलं होतं. का, म्हणून विचारलं. म्हणाली, “सर, ते योजनेतलं होतं ना. ते थोडीच धरतात?” मी तो शब्द खोडायला सांगितला आणि अकरा महिन्यांत केलेली कामं एकेक करून लिहायला लावली. दीड पान भरलं. धरायचं की नाही ते पुढचा ठरवील. पण आपणहून निरंक लिहायचं नाही, एवढं या जिल्ह्याच्या इतिहासातून नक्की शिकता येतं.